एअर पिस्तूल शिकताय? आपला नेम किती चांगला, हे असं तपासा

रेंजवर नवा आलेला नेमबाज असो की मुलाला घेऊन आलेले पालक, दोन-तीन आठवड्यांत एक प्रश्न हमखास येतो: "किती मारले म्हणजे चांगलं?" मग शेजारच्या लेनवरचा कुणीतरी एक आकडा फेकतो. पाचशे चाळीस म्हणा, साडेपाचशे म्हणा. तो आकडा पुढे महिनोन्महिने डोक्यात ठाण मांडून बसतो. आकडा खोटा नसतो, पण एकट्याने तो फार थोडं सांगतो. ५४० मारणारे दोन नेमबाज एकमेकांपासून इतके वेगळे असू शकतात की दोघांना एकच सल्ला दिला तर एकाचं नुकसान ठरलेलं.

हा लेख १० मीटर एअर पिस्तुलापुरता आहे, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रात रायफलवाले जास्त गाजले: अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारा कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे. त्यामुळे घरोघरी रायफलचे आकडे ऐकून माहीत असतात. दहा मीटर रायफलची पात्रता फेरी दशांशात मोजतात, तिथे साठ शॉटचे जास्तीत जास्त ६५४ होतात. पिस्तुलाच्या पात्रता फेरीत दशांश नाहीत, पूर्ण गुण मोजतात, म्हणजे जास्तीत जास्त ६००. चुलत भावाने रायफलवर ६१० मारले आणि तुम्ही पिस्तुलावर ५३० मारले तर तो तुमच्या ऐंशी गुणांनी पुढे आहे, असं अजिबात नाही. ही तुलना लागतच नाही. जेवणाच्या टेबलावर ती होऊ लागली की शांतपणे विषय बदला.

गुण मोजण्याआधीची अट

पिस्तुलाची नळी कायम टार्गेटच्या दिशेला. निशाण्यावर येईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. पिस्तूल टेबलावर ठेवलं की नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग. 'स्टॉप' ऐकू आलं की अर्धवट घेतलेला शॉटही सोडून द्यायचा. हे चार नियम आठवण न करून देता पाळता येत नसतील तर ५६० मारणाऱ्यालाही मी चांगला नेमबाज म्हणणार नाही. मागून कुणी हाक मारली की हातातल्या पिस्तुलासकट वळणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचा स्कोअर विचारायची गरज उरत नाही.

टार्गेटचं गणित

काळा गोल लांबून एवढासा दिसतो, म्हणून त्याची मापं एकदा नीट लक्षात घ्या. काळा भाग ५९.५ मिलिमीटर व्यासाचा, त्यात सात ते दहा ही वर्तुळं येतात. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. त्याच्या आत ५ मिलिमीटरचं आणखी एक छोटं वर्तुळ असतं, त्याला इनर टेन म्हणतात. बाहेर जाताना प्रत्येक वर्तुळाचा व्यास १६ मिलिमीटरने वाढतो. पॅलेट, म्हणजे पिस्तुलातून सुटणारी छोटी गोळी, ४.५ मिलिमीटरचं, आणि त्याची कड रेषेला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो.

हे सगळं एकत्र केलं की सोयीचा हिशेब निघतो. पॅलेटचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत असेल तर दहा, १६ च्या आत नऊ, २४ च्या आत आठ. म्हणजे एक गुण म्हणजे ८ मिलिमीटर. हा आठाचा पाढा पुढे सारखा लागणार आहे.

कागदी टार्गेटवर सराव करत असाल तर सपाट डोक्याचंच पॅलेट वापरा. त्याने भोक कातरल्यासारखं गोल पडतं. टोकदार पॅलेटने कागद फाटतो, आणि मग प्रत्येक रेषेवरच्या शॉटसाठी भांडण.

साठ शॉटचा हिशेब

पात्रता फेरी साठ शॉटची. त्याआधी तयारी आणि सायटिंगसाठी (गुणांत न धरले जाणारे चाचणी शॉट, म्हणजे सायटर्स) १५ मिनिटं मिळतात, मग इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटांत साठ शॉट संपवायचे. पूर्वी महिलांची मॅच चाळीस शॉटची असायची. २०१८ पासून त्याही साठ मारतात. जुने लेख वाचताना ३८५ वगैरे आकडे दिसले तर ते चाळिसातले आहेत हे लक्षात घ्या.

आपली पातळी ठरवायची तर पूर्ण साठ, घड्याळ लावून, सायटर्स न मोजता. "काल माझी दहा शॉटची एक सिरीज ९५ ची गेली" यावरून ५७० चं स्वप्न बघायला हरकत नाही, पण तो अंदाजही नाही. दहा शॉट चांगले कुणाचेही जातात. चाळिसाव्या शॉटनंतर खांदा भरून येतो, डोळा थकतो, मन घरी पोचलेलं असतं. तिथे जे होतं ते तुमचं खरं कौशल्य.

आता ज्या आकड्यांसाठी तुम्ही लेख उघडलात ते. सरासरी आठ म्हणजे ४८०, साडेआठ म्हणजे ५१०, नऊ म्हणजे ५४०, साडेनऊ म्हणजे ५७०. माझ्या अंदाजाने, आणि हा फक्त अंदाज आहे, ४८० च्या आसपास असलेला माणूस अजून ट्रिगरशी झगडत असतो. ५१० ते ५४० मध्ये तंत्र बसलेलं असतं, पण मधूनच एखादा सहा-सात पडतो. ५४० च्या पुढे गेलं की तुम्ही गंभीर नेमबाज आहात हे दुसऱ्यांनाही दिसतं. ५६० च्या पुढे जिल्ह्यात नाव ओळखीचं होतं. स्पर्धेसाठी लागणारे किमान गुण मात्र कुणाच्या तोंडून ऐकू नका. वय, गट आणि वर्षाप्रमाणे ते बदलतात. राज्य संघटनेचं आणि नॅशनल रायफल असोसिएशनचं त्या वर्षाचं परिपत्रक स्वतः वाचा. जाता जाता एक गंमत: ज्यांच्या नावाने नेमबाजीची मावळणकर स्पर्धा भरते ते गणेश वासुदेव मावळणकर लोकसभेचे पहिले अध्यक्ष, आणि रायफल असोसिएशनचेही पहिले अध्यक्ष. मराठी माणूस. पण आपल्याकडे फार थोड्या नेमबाजांना हे ठाऊक असतं.

या आकड्यांत एक फसवणूक लपलेली आहे. ४८० वरून ५१० आणि ५४० वरून ५७०, दोन्हीकडे वाढ तीसच गुणांची. पहिली काही महिन्यांच्या नियमित सरावात होते, दुसरीला वर्षं जातात आणि अनेकांची होतच नाही. ५७० म्हणजे तीस दहा आणि तीस नऊ, आठ एकही नाही. एक आठ पडला की एका नऊचा दहा करून तो भरून काढायचा. म्हणजे ५७० च्या नेमबाजाचं जवळजवळ प्रत्येक पॅलेट केंद्रापासून १६ मिलिमीटरच्या आत जातं, तेही हात सरळ ताणून, एका हाताने, सव्वा तास.

त्याच्याही वर काय असतं? पॅरिसमध्ये मनू भाकरने पात्रता फेरीत ५८० मारले, त्यातले २७ इनर टेन. त्याच ऑलिंपिकमध्ये सरबजोत सिंग आणि जर्मनीचा रॉबिन वाल्टर दोघांचे ५७७ झाले. अंतिम फेरीत जागा आठ. वाल्टरचे इनर टेन १७, सरबजोतचे १६. सरबजोत नववा. नंतर त्याने मनूबरोबर मिश्र दुहेरीचं कांस्य जिंकलं हा भाग वेगळा, पण त्या दिवशी एका इनर टेनने त्याला बाहेर बसवलं. आणि दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओ याने २००९ मध्ये ५९४ मारले होते. साठ शॉटमध्ये सहा गुण गेले. आठवलं की अजूनही मान हलते.

आधी ग्रुप बघा, मग गुण

नव्याने शिकणाऱ्याचं मोजमाप गुणांवरून करूच नये. साईटला, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या पट्टीला आणि मागच्या खाचेला, हात न लावता वीस शॉट मारा आणि भोकं कुठे कशी पडली, म्हणजे ग्रुप कसा आहे, ते बघा. पाच शॉटचा ग्रुप फसवतो, योगायोगाने पाचही एकत्र पडू शकतात. विसांत योगायोग टिकत नाही.

ग्रुप कुठे पडला हा साईटचा प्रश्न, ग्रुप किती मोठा पडला हा तुमचा प्रश्न. डावीकडे खाली पांढऱ्यात, पण रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या जागेत वीस भोकं पडली असतील तर गुण केविलवाणे दिसतील. तरीही तो नेमबाज, चार दहा मारून बाकीचे टार्गेटभर उधळणाऱ्यापेक्षा कितीतरी पुढे आहे. पहिल्याला एक स्क्रूड्रायव्हर हवा, दुसऱ्याला सहा महिने.

एक कार्ड डोळ्यांसमोर आणा. दहा शॉट, दहाही नऊ, एकूण ९०. दुसरं कार्ड: पाच दहा, पाच आठ, एकूण ९०. नवखा माणूस दुसरं कार्ड दाखवत फिरतो, कारण त्यात दहा आहेत. आता पहिलं कार्ड नीट बघा. ते दहाही नऊ तीन वाजताच्या दिशेला (घड्याळाप्रमाणे, म्हणजे उजवीकडे) एकमेकांवर चढलेले असतील, तर मागची साईट थोडी डावीकडे सरकवली की हेच कार्ड शंभराच्या जवळ जातं. गुण ९०, कौशल्य ९८ चं. तेच दहा नऊ केंद्राभोवती सगळीकडे विखुरलेले असतील, तर ते खरोखर ९० चं कार्ड आहे. आणि दुसऱ्या कार्डावरचे पाच आठ एकाच बाजूला असतील तर? मग हातात एक ठरावीक चूक आहे. ती पाच वेळा झाली, पाच वेळा झाली नाही. ती सापडेपर्यंत साईटला हात लावायचा नाही.

साईट सरकवताना लक्षात ठेवा: मागची साईट ज्या दिशेला सरकेल त्या दिशेला शॉट सरकतात. स्क्रूजवळच्या खुणा मात्र काही पिस्तुलांवर शॉट कुठे लागतोय ते दाखवतात, काहींवर कुठे न्यायचाय ते. मॅन्युअल उघडून बघा, नाहीतर अर्धा तास उलट्या दिशेने क्लिक करत बसाल.

उजव्या हाताने मारणाऱ्याचे शॉट सहा-सात वाजता जात असतील तर बहुतेक वेळा ट्रिगरबरोबर सगळी मूठ आवळली जातेय. ग्रुप उभा लांबट असेल तर साईटची उंची दर वेळी वेगळी दिसतेय, किंवा डोक्याची ठेवण बदलतेय. आडवा लांबट असेल तर पायांची जागा तपासा. डोळे मिटून हात उचला, डोळे उघडा. पिस्तूल टार्गेटच्या बाजूला निघालं असेल तर हाताने ओढून आणू नका, मागचा पाय सरकवा.

शॉट सांगता येतो का?

माझ्या मते ही सगळ्यांत प्रामाणिक परीक्षा आहे, आणि तिला एक पैसाही लागत नाही. शॉट दाखवणाऱ्या मॉनिटरवर कागद लावून तो झाका. शॉट मारा. बघण्याआधी वहीत लिहा: "नऊ, चार वाजता." मग कागद उचला. वीस शॉट असं करा.

वाईट शॉटपैकी बहुतेक शॉट वाईट आहेत हे तुम्हाला आधीच कळलं असेल, आणि दिशाही साधारण बरोबर असेल, तर तुमचं कौशल्य तुमच्या स्कोअरच्या पुढे आहे. स्कोअर मागून येईल. पण "दहाच वाटला होता" आणि मॉनिटरवर सात, असं वारंवार होत असेल तर शॉट सुटतानाच्या क्षणी तुम्ही बघतच नव्हता. डोळा मिटला असेल, किंवा नजर साईटवरून निघून टार्गेटवर गेली असेल. बहुतेकदा दुसरं.

नजर टार्गेटवर गेली तर एवढं काय बिघडतं? इथे आठाचा पाढा कामाला येतो. एअर पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये साधारण ३५ सेंटिमीटर अंतर असतं. दहा मीटर म्हणजे त्याच्या साधारण २८-२९ पट. पुढची साईट मागच्या खाचेत अर्धा मिलिमीटर डावीकडे गेली तर टार्गेटवर पॅलेट १४ मिलिमीटर डावीकडे जातं. अर्ध्या मिलिमीटरला जवळजवळ दोन गुण. आणि हात हलल्याने अख्खं पिस्तूल, दोन्ही साईट एका रेषेत असताना, ५ मिलिमीटर बाजूला सरकलं तर? पॅलेटही ५ मिलिमीटरच सरकतं. शॉट दहातच.

नवखे नेमबाज नेमके उलट्या गोष्टीला घाबरतात. काळ्या गोलाखाली पिस्तूल डोलताना दिसतं, ते थांबावं म्हणून हात आवळतात, मग एका क्षणी सगळं जुळल्यासारखं वाटतं आणि ट्रिगर ओढून टाकतात. डोलणं संपत नाही. ऑलिंपिकवाल्यांचंही संपत नाही, फक्त कमी असतं. पुढच्या साईटची वरची कड कोरून काढल्यासारखी स्पष्ट, तिच्या दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरून खाचेशी बरोबर पातळी, आणि समोरचा काळा गोल धुरकट, काठ नसलेला. हे चित्र शॉट सुटेपर्यंत, आणि सुटल्यानंतरही, डोळ्यांसमोर टिकलं तर डोलण्याने फारसं बिघडत नाही. गोल स्पष्ट आणि साईट धुरकट दिसत असेल तर कितीही गुण पडले तरी ते उसने आहेत.

कोरी भिंत

ट्रिगर किती चांगला दाबता हे कार्डावरून ठरवणं अवघड, भिंतीवरून सोपं. पिस्तुलात पॅलेट नाही याची दोनदा खात्री करा. मॅचच्या बहुतेक पिस्तुलांत ड्रायची, म्हणजे पॅलेट न मारता नुसता ट्रिगर दाबायची, सोय असते, ती चालू करा. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहा, साईट जुळवा, ट्रिगर हळूहळू वाढवत न्या. टार्गेट नसल्याने डोळ्याला साईट सोडून बघायला काही उरत नाही.

'टक्' होतं त्या क्षणी पुढची साईट बघा. ती खाचेत जागच्या जागी राहिली तर ट्रिगर चांगला. डावीकडे टिचभर उडाली, खाली बसली, तर तेच टार्गेटवर सात-आठ वाजताचं भोक आहे. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम असावं लागतं, मॅचआधी वजन टांगून ते तपासतात. अर्धा किलो ऐकायला काही वाटत नाही, पण ते फक्त बोटाच्या पहिल्या पेराने, सरळ मागे, बाकीची बोटं न हलवता द्यायचं असतं.

मग फॉलो-थ्रू, म्हणजे शॉट सुटल्यानंतरही तसंच राहणं. पॅलेट सेकंदाला साधारण दीडशे मीटरच्या वेगाने जातं, म्हणजे टार्गेटपर्यंत पोचायला सेकंदाचा पंधरावा भाग. त्याआधी ते नळीतून बाहेर पडायचं असतं. 'टक्' झाल्यावर लगेच मॉनिटरकडे मान वळवणारा नेमबाज बहुतेकदा 'टक्' व्हायच्या आधीच वळायला लागलेला असतो. म्हणून शॉटनंतर एक-दोन सेकंद साईट तशीच बघत राहायची. धक्क्यानंतर पुढची साईट आपोआप खाचेत परत येऊन बसली तर मनगट आणि मूठ बरोबर. दर वेळी वेगळ्या जागी जाऊन थांबली तर पकड दर शॉटला बदलतेय.

हात खाली घेता येतो का?

प्रेक्षकांना न दिसणारं, पण जाणकार पहिल्यांदा बघतात ते लक्षण हे. हात उचलला, साईट स्थिर झाली, पाच-सहा सेकंद गेले, ट्रिगर अजून सुटला नाही. दहा सेकंदांच्या पुढे डोळ्यासमोरचं चित्र पुसट होतं आणि खांदा थरथरायला लागतो. आता दोनच रस्ते: कसाबसा मारायचा, नाहीतर हात खाली घेऊन पुन्हा सुरुवात करायची. चांगला नेमबाज खाली घेतो. ७५ मिनिटं भागिले साठ शॉट, एका शॉटला सव्वा मिनिट येतं, घाई कसलीच नसते.

पुढच्या वेळी मित्राला मागे बसवा आणि साठ शॉटमध्ये तुम्ही किती वेळा हात खाली घेतला ते मोजायला सांगा. एकदाही नाही, असं उत्तर आलं तर त्यात कौतुक नाही.

डायरीत काय लिहायचं

एकूण गुण सगळेच लिहितात. तुम्ही सहा सिरीज वेगवेगळ्या लिहा. समजा एकीच्या सिरीज ९४, ९१, ८८, ९३, ८६, ९२. एकूण ५४४. दुसरीच्या ९१, ९०, ९१, ९०, ९२, ९०. एकूण ५४४. निकालपत्रावर इनर टेन सोडले तर दोघी बरोबरीत.

पहिलीच्या हातात ९४ आहेत, म्हणजे तंत्र आहे. ते अधूनमधून सुटतं: तिसऱ्या आणि पाचव्या सिरीजमध्ये काहीतरी झालं, आणि काय झालं ते तिला कदाचित माहीतही आहे. तिला जास्त पॅलेट मारून फायदा नाही. वाईट शॉटनंतर काय करायचं, कधी थांबायचं, पाणी कधी प्यायचं, हे तिने शिकायचं. दुसरी शिस्तीची आहे, डोकं जागेवर, पण तिच्या होल्डची, म्हणजे हात स्थिर धरण्याची, मर्यादाच ९१-९२ आहे. तिला खांदा आणि पाठीचा व्यायाम, भिंतीवरचे होल्ड, आणि भरपूर ड्राय हवं. निवड समितीला दुसरी आवडेल, प्रशिक्षकाला पहिली. मला विचाराल तर एका वर्षाच्या मुदतीवर मी पहिलीवर पैसे लावीन.

पंधरवड्यातून एकदा पूर्ण साठची मॅच मारा आणि प्रत्येक मॅचची सगळ्यांत वाईट सिरीज वेगळ्या रंगात लिहा. तीन महिन्यांत सर्वोत्तम सिरीज हलली नाही, पण सगळ्यांत वाईट ८२ वरून ८७ वर आली, तर प्रगती उत्तम चालू आहे. घरी सांगून कुणाला कळणार नाही, हे खरं.

सराव वेगळा, मॅच वेगळी

सरावात ५५५ आणि जिल्हा स्पर्धेत ५३०. हे इतक्या जणांचं होतं की त्याची लाज वाटून घ्यायचं कारण नाही. मात्र तुमची पातळी विचारली तर उत्तर ५३० द्यायचं. दोन आकड्यांमधलं अंतर वर्षभरात कमी होतंय का, हे मोजा. ते कमी करायचा एकच मार्ग मला माहीत आहे: लहानमोठ्या जमतील तेवढ्या स्पर्धा मारणं, आणि सरावातही मॅचसारखं उभं राहणं, म्हणजे घड्याळ, शांतता, मागे दोन माणसं.

टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीच्या मध्येच बिघाड झाला आणि बराच वेळ गेला. उरलेल्या वेळात मारून तिने ५७५ केले, बारावी आली. बातम्यांत ते अपयश म्हणून छापून आलं. रेंजवरच्या लोकांनी मात्र तो स्कोअर वेगळ्या नजरेने वाचला. त्याच टोकियोत सौरभ चौधरीने पात्रता फेरीत ५८६ मारून पहिला क्रमांक घेतला आणि अंतिम फेरीत सातवा आला. अंतिम फेरीत सगळे शून्यापासून सुरू करतात, गुण दशांशात, प्रत्येक शॉट ठरावीक वेळेत, आणि शेवटचा नेमबाज एकेक करून बाहेर. साठ शॉटचं कौशल्य तिथे जसंच्या तसं उपयोगी पडत नाही. नवख्याने त्याची चिंता आता करू नये, पण टीव्हीवर अंतिम फेरी बघून "हा तर नऊ मारतोय" म्हणण्याआधी एवढं आठवावं.

पिस्तुलावर खापर फोडण्याआधी

मॅचचं कुठलंही नावाजलेलं एअर पिस्तूल, स्टायर असो, मोरिनी, वॉल्थर की पार्दिनी, शिकंजात घट्ट बसवून चांगल्या पॅलेटने मारलं तर दहाच्या वर्तुळात आरामात ग्रुप देतं. तुमचे सात पिस्तुलामुळे पडत नाहीत. एक अपवाद म्हणजे लाकडी ग्रिप. ती हाताला मोठी असेल तर पकड दर वेळी बदलते, आणि क्लबची पिस्तुलं बहुधा कुणातरी दुसऱ्याच्याच हाताची असतात. जुनं पिस्तूल विकत घेत असाल तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी बघा. दहा वर्षं उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि विकणारा ते स्वतःहून सांगेलच असं नाही.

दिसण्यावरूनही कुणाला जोखू नका. पॅरिसमध्ये मिश्र दुहेरीचं रौप्य जिंकलेल्या तुर्कीच्या युसुफ दिकेचचा खिशात हात घातलेला फोटो जगभर फिरला, जणू सहज फिरायला आलेला माणूस पदक घेऊन गेला. मोकळा हात खिशात किंवा कमरेला ठेवायची पद्धत सगळ्यांचीच आहे. तो हात लटकता राहिला तर शरीर डोलतं. आणि दिकेच २००८ पासून ऑलिंपिक खेळतोय. महागडा नेमबाजीचा चष्मा न लावताही चालतं एवढं त्या फोटोवरून शिका, पुरे.

२५ मीटरकडे कधी वळायचं?

५५० च्या आसपास स्थिर झालेल्या मुलींना हा प्रश्न पडतो, त्यातही कोल्हापूरकडच्यांना जास्त, राही सरनोबतमुळे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत राहीने २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, तेही थायलंडच्या नेमबाजाशी ३४ गुणांवर बरोबरी झाल्यावर, दोन शूट-ऑफ खेळून. तो प्रकार वेगळाच आहे. तीस शॉट सावकाश, आणि तीस शॉट असे की टार्गेट तीन सेकंद समोर येतं, सात सेकंद जातं, आणि प्रत्येक वेळी हात खालून वर आणून एकच शॉट. ट्रिगर किमान एक किलोचा, काडतुसाचा धक्का खरा, आणि बंदुकीच्या परवान्याची सगळी कागदपत्रं.

तिथे जायची तयारी आहे का, हे दहा मीटरवरच तपासता येतं. हात ४५ अंश खाली ठेवा, कुणाला तरी 'चल' म्हणायला सांगा आणि तीन सेकंदांत ड्राय शॉट सोडा. असे तीस. प्रत्येक वेळी 'टक्'च्या क्षणी पुढची साईट कुठे होती हे सांगता आलं, तर क्लबच्या प्रशिक्षकांकडे २५ मीटरचा विषय काढायला हरकत नाही. सांगता आलं नाही तर अजून काही महिने दहा मीटर.